जॉर्ज नावाची गोगलगाय

जॉर्जची लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर. अंगठ्याच्या नखावर ठेवला तर शंखाचं टोक थोडंसं बाहेर येईल, एवढाच. पाठीवर तपकिरी, चकचकीत, निमुळता शंख. पुढे दोन जोड्या शिंगं, त्यातल्या लांब जोडीच्या टोकावर मोहरीहून बारीक डोळे. पत्ता : पॅसिफिक महासागर, हवाई बेटं, त्यातलं ओआहू बेट, तिथली एक प्रयोगशाळा, प्रयोगशाळेतली एक पारदर्शक पेटी, पेटीतली एक डहाळी. तिथे तो दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. त्या साऱ्या काळात त्याच्या जातीचं दुसरं कुणी पृथ्वीवर कुणाला सापडलं नाही.

जॉर्ज हे नाव त्याला एका कासवावरून मिळालं. गालापागोसमधल्या पिंटा बेटाचं शेवटचं कासव ‘लोनसम जॉर्ज’, म्हणजे एकाकी जॉर्ज, म्हणून जगभर ओळखलं जायचं. ते २०१२च्या जूनमध्ये गेलं. हवाईतल्या गोगलगायीची कहाणी तीच, म्हणून तिलाही तेच नाव. नाव पुरुषाचं पडलं आणि सांभाळणारे त्याला ‘तो’ म्हणू लागले.

मराठीत लिहायला बसलं की इथेच पेन थांबतं. आपल्याकडे गोगलगाय ही ‘ती’. नावातच गाय आहे. आणि खरं पाहिलं तर जॉर्ज ‘तो’ही होता आणि ‘ती’ही. जमिनीवर राहणाऱ्या बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात. एकाच देहात नर आणि मादी. अर्धनारीनटेश्वराच्या मूर्तीत आपण पूर्णत्व पाहतो. जॉर्जचा देह तसा पूर्ण होता, पण पिल्लू व्हायला त्याच्या जातीत दुसरी गोगलगाय लागतेच. ती नव्हती. मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे, कारण ज्यांनी त्याला रोज पाणी फवारलं आणि पानं बदलली, ते त्याला तसं म्हणायचे. हाक मारण्याचा पहिला हक्क सांभाळणाऱ्यांचा.

गोगलगायीबद्दल आपल्याकडे एक म्हण आहे : गोगलगाय आणि पोटात पाय. वरून गरीब, आतून लबाड, अशा माणसाला आपण ती लावतो. लहानपणापासून ऐकलेली ही म्हण मला आता त्या प्राण्यावर अन्याय करणारी वाटते. तिचा पाय पोटाशी असतो हे खरंच आहे. शास्त्रानेही त्यावरूनच तिच्या साऱ्या वर्गाला ‘उदरपाद’ असं नाव दिलं आहे. पण त्यात लपवाछपवी कुठली? तो पाय तर ती जाईल तिथे उमटवत जाते. मागे चिकट, चकाकणारी रेघ राहते. आपण कुठून आलो आणि कुठे गेलो हे इतक्या उघडपणे लिहून ठेवणारा प्राणी मला दुसरा माहीत नाही. त्या रेघेनेच पुढे जॉर्जच्या गणगोताचा घात केला. त्याबद्दल पुढे सांगतो.

नावातली ‘गाय’ मात्र अगदी बरोबर आहे. जॉर्जचं सगळं कुळ चरणारं. शास्त्रीय नाव अकॅटिनेला, राहणार झाडावर, पण झाडाचं पान खाणारं नव्हे. पानाच्या पाठीवर शेवाळाचा आणि बुरशीचा डोळ्याला न दिसणारा थर जमतो. तो हे प्राणी रात्रभर खरवडून खातात. जिभेवर बारीक दातांच्या ओळी असतात, आपल्या किसणीसारख्या. रात्री दव पडलं की शंखातून बाहेर यायचं, पानावरून सावकाश पुढे सरकायचं, थर खरवडायचा आणि उजाडायच्या आत पानाच्या आडोशाला चिकटून शंखात मिटून जायचं. सकाळी पान तसंच्या तसं, एक भोक नाही, फक्त स्वच्छ झालेलं. एखादी गोगलगाय आपलं सगळं आयुष्य एकाच झाडावर काढते. बहुतेक वेळा ते झाड ओहिआ लेहुआचं, लाल केसरांच्या फुलांचं. ते झाड हाच तिचा गाव, हीच तिची पंचक्रोशी.

अंडी नाहीत. एका वेळी एकच पिल्लू, तेही शंखासकट जिवंत जन्माला येतं. वर्षाकाठी मोजकी पिल्लं. पिल्लू वयात यायला तीन ते पाच वर्षं लागतात. दोन सेंटीमीटरच्या जिवाने एवढा वेळ घ्यावा याचं आधी आश्चर्य वाटतं. मग लक्षात येतं की त्याला घाई करण्याचं कारणच कधी पडलं नव्हतं. सर्वांत जवळच्या खंडापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर, समुद्रातून ज्वालामुखीने वर काढलेलं हे बेट. तिथे गोगलगाय खाणारे सस्तन प्राणी नव्हते, साप नव्हते, शिकारी गोगलगायी नव्हत्या. कधीतरी वादळातून, वाहून आलेल्या फांदीवरून किंवा पक्ष्याच्या पंखाला चिकटून काही पूर्वज आले असावेत आणि त्यांच्यापासून हवाई बेटांवर साडेसातशेहून अधिक जातींच्या गोगलगायी झाल्या. मुंबईच्या जेमतेम अडीचपट असलेल्या एकट्या ओआहूवर अकॅटिनेलाच्याच एकेचाळीस जाती मोजल्या गेल्या. त्यांतली एकही दुसऱ्या कुठल्या बेटावर नाही.

या कुळाचे शंख पाहिले की हातातलं काम बाजूला राहतं. पिवळे, हिरवट, गुलाबी छटेचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, गुळाच्या ढेपेसारखे तांबूस. काही डावीकडे वळलेले, काही उजवीकडे. उजव्या वळणाच्या शंखाला आपल्याकडे देव्हाऱ्यात मान. तिथे दोन्ही वळणं एकाच रानात नांदायची. त्यांच्या सौंदर्यामुळेच जॉर्जच्या जातीची परक्या लोकांशी पहिली ओळख झाली. १७८६-८७च्या सुमारास ‘क्वीन शार्लट’ या जहाजाचा कप्तान जॉर्ज डिक्सन ओआहूला आला. कातड्याच्या व्यापारासाठी निघालेला हा माणूस. तिथल्या लोकांनी पाहुण्याच्या गळ्यात माळ घातली, लेई म्हणतात तिला. त्या माळेत रानातल्या गोगलगायींचे शंख ओवलेले होते. १७८९ साली प्रवासवर्णन छापताना डिक्सनने त्यातल्या एका शंखाची नोंद केली आणि टोकाच्या पिवळसर रंगावरून त्याला नाव दिलं : अपेक्सफुल्वा, म्हणजे पिवळ्या शेंड्याचा. हवाईच्या गोगलगायींपैकी शास्त्राच्या वहीत चढलेली ही पहिली जात. पहिली नोंद एका जॉर्जने केली, शेवटचा जीवही जॉर्ज नावाचा. दोन जॉर्जमध्ये सव्वादोनशे वर्षांचं अंतर.

हवाईच्या लोकांना मात्र नोंदीची गरज नव्हती. त्यांच्याकडे या गोगलगायींना काहुली म्हणतात, आणि दुसरं नाव पूपू कानी ओए, लांबवर गाणारा शंख. रात्री डोंगरातून जो बारीक, अखंड सूर येतो तो या गोगलगायींचा, अशी जुन्या लोकांची धारणा. त्यांच्या गाण्यांत, मंत्रांत, गोष्टींत काहुली आहेत. अभ्यासक सांगतात की गोगलगायीला आवाज काढायला अवयवच नाही. तो सूर रातकिड्यांचा असावा. अभ्यासकांचं बरोबर असेल. पण ज्या झाडावर सूर ऐकू येतो त्या झाडाखाली कंदील घेऊन गेलं, आणि पानोपानी ओले, चकाकणारे, हळूहळू हलणारे शंख दिसले, तर गाणारे हेच असं कुणालाही वाटेल. आणि एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी : ज्या रानात रातकिडे आणि काहुली दोन्ही भरपूर असतील ते रान धडधाकट.

पुढे एकोणिसाव्या शतकात त्या रानात एक मिशनऱ्याचा मुलगा हिंडू लागला. जॉन थॉमस गुलिक, १८३२ साली हवाईतच जन्मलेला. त्या काळी ओआहूवर पोराथोरांना शंख गोळा करण्याचं अक्षरशः वेड लागलं होतं. पिशव्या भरभरून शंख डोंगरातून खाली यायचे. आज ते वाचताना पोटात तुटतं, कारण प्रत्येक शंख म्हणजे पाच वर्षं वाढलेला एकेक जीव होता. गुलिकनेही हजारो जमवले. पण त्याने एक केलं, कुठला शंख कुठल्या खोऱ्यातला ते लिहून ठेवलं. मग त्याच्या लक्षात आलं की शेजारशेजारच्या खोऱ्यांत शंख वेगळे आहेत. मधे फक्त एक डोंगरधार. पाऊस तोच, झाडं तीच, खाणं तेच, तरी रंग वेगळा, पट्टे वेगळे. म्हणजे परिस्थिती बदलली म्हणूनच जात बदलते असं नाही. नुसतं वेगळं पडलं आणि पुरेसा काळ गेला, तरी जीव वेगळा होत जातो. १८७२ साली हा विचार त्याने ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डार्विनची भेट घेतली. उत्क्रांतीच्या शास्त्रात ‘विलगीकरण’ या कल्पनेला आज जे स्थान आहे, त्याच्या पायाशी ओआहूच्या या नखाएवढ्या गोगलगायी आहेत. ज्या एकटेपणाने या जाती घडवल्या, त्याच एकटेपणात त्यांतली एक संपली, हे मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत जड जातं.

आता आमच्या आत्याच्या शेताकडे यावं लागेल.

२०२२चा जुलै. लातूर जिल्ह्यात आमच्या आत्याचं सहा एकर रान. सोयाबीन उगवून नुकतं दोन पानांवर आलं होतं. त्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी जे केलं ते तिथला शेतकरी विसरणार नाही. रात्री हिरवं दिसलेलं रान सकाळी पाहावं तर नुसत्या काड्या. मी तेव्हा आठ दिवस तिथे होतो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं सरींमध्ये टाकायची आणि झुंजूमुंजू झालं की ती उचलायची. खाली मुठीएवढ्या गोगलगायींचा खच. हातात पिशव्या घालून त्या बादलीत भरायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बांधाच्या कडेने चुन्याची फक्की. बादल्या भरत राहिल्या, गोगलगायी संपल्या नाहीत. आत्याने दुबार पेरणी केली. शेजारच्या काहींनी तिबार केली. मिठाच्या बादलीतून येणारा फेस आणि वास अजून माझ्या नाकात आहे.

ती गोगलगाय आफ्रिकेतली. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या गृहस्थाने मॉरिशसहून येताना दोन जिवंत नमुने कलकत्त्याला आणले, ते तिथल्या एका बागेत सुटले, आणि तिथून ती पसरत गेली. एका खेपेला शंभर-दोनशे अंडी, वर्षात अशा अनेक खेपा. जॉर्जच्या जातीची गोगलगाय आयुष्यभरात जेवढी पिल्लं देत असेल त्याहून अधिक ती एका पावसाळ्यात देते.

रात्री ओसरीवर बसून मी मोबाइलवर या गोगलगायीबद्दल वाचत होतो, तेव्हा जॉर्ज मला पहिल्यांदा भेटला. मी आत्याला फोटो दाखवला. म्हटलं, आत्या, ही बघ, ही बी गोगलगायच, समुद्रापलीकडची. ती चष्मा लावून बघत राहिली.

“तिकडं बी हीच आपल्यावाली आलती का?”

“हो, १९३६ साली. कुणी हौसेनं नेली.”

“मग काय केलं त्यांनी?”

“हिला खाणारी दुसरी गोगलगाय आणून सोडली.”

आत्याने थोडा वेळ विचार केला. दिवसभर वाकून तिची कंबर धरली होती. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, “अन् तिनं खाल्लं का हिला?”

शेतकऱ्याने विचारावा असाच प्रश्न होता तो. हवाईच्या शेती खात्याने १९५५ साली तो पुरेसा विचारला नाही. त्यांनी फ्लोरिडाहून युग्लँडिना नावाची गुलाबी, सडपातळ, चपळ शिकारी गोगलगाय आणली. ही गोगलगाय दुसऱ्या गोगलगायींची चिकट रेघ हुंगत माग काढते. तोंडाशी मिशांसारखे दोन पदर असतात, त्यांनी ती रेघ चाखत चाखत सावज गाठते. ती झाडावर चढते. लहान गोगलगाय शंखासकट गिळते, मोठी असली तर शंखात शिरून खाते. आफ्रिकन गोगलगायी आजही ओआहूवर आहेत. युग्लँडिनाला डोंगरात त्यांच्याहून सोपं अन्न मिळालं : एका झाडावर जन्मून त्याच झाडावर मरणारे, पळून जाणं ठाऊक नसलेले काहुली. एक झाड रिकामं करायचं, मग पुढचं. कुठल्या झाडावर कोण आहे ते शोधायची गरजच नाही. रेघ प्रत्येकाच्या दारापर्यंत काढलेली.

ताहिती आणि मूरेआ बेटांवरही १९७०च्या दशकात हाच उपाय याच कारणासाठी झाला. तिथल्या पार्टुला कुळातल्या नाजूक वृक्षगोगलगायींचं जे झालं ते हवाईसारखंच. याच कुळातल्या, पण दुसऱ्या बेटावरच्या, पार्टुला टर्जिडा या जातीचा शेवटचा जीव लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जानेवारी १९९६ मध्ये गेला.

सगळा दोष एकट्या युग्लँडिनाचा नव्हे. तिच्या आधीच गुराढोरांनी, शेतीने आणि चंदनाच्या व्यापाराने डोंगर उघडे पडत गेले होते. जहाजांतून उंदीर आले होते, आणि उंदराला शंख फोडून खायला जमतं. १९७२ साली पाळण्यासाठी आणलेले जॅक्सन जातीचे तीन शिंगांचे सरडे बेटावर सुटले, तेही गोगलगायी खातात. १९८१ साली अमेरिकेने अकॅटिनेलाचं सबंध कुळ संकटग्रस्त जाहीर केलं. त्या यादीत नावं एकेचाळीस होती. त्यांतल्या कितीतरी तोवर फक्त संग्रहालयाच्या खणांत उरल्या होत्या.

आत्याला मी एवढंच म्हणालो, “न्हाई आत्या. हिला न्हाई, ह्याला खाल्लं,” आणि पुन्हा फोटो दाखवला. ती काही बोलली नाही. पहाटे पुन्हा गोणपाटं उचलायची होती.

मायकेल हॅडफिल्ड या प्राणिशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून ओआहूच्या रानातल्या काहुलींवर लक्ष ठेवलं होतं. एकेका गोगलगायीच्या शंखावर खूण करून, ती वर्षात किती वाढली, कुठल्या फांदीवर दिसली, याची नोंद. इतकं सावकाश वाढणारं कुळ इतक्या वेगाने खाल्लं जात असेल तर रानात ते टिकणार नाही, हे त्या नोंदींतूनच कळलं. मग हवाई विद्यापीठाच्या मानोआ इथल्या प्रयोगशाळेत त्यांना वाढवण्याचं काम सुरू झालं. १९९७ साली अपेक्सफुल्वा जातीच्या शेवटच्या दहा गोगलगायी तिथे आणल्या गेल्या. दहा.

त्यांना डोंगराचं हवामान द्यायचं म्हणजे थंडावा हवा, ओल हवी, दिवस आणि रात्र हवी. जंगलातून ओहिआच्या ताज्या डहाळ्या आणायच्या. पानांवरची बुरशी वेगळी काढून बशीत वाढवायची आणि तीही पुढ्यात ठेवायची. पेटी साफ करताना पान अन् पान उलटून पाहायचं, कारण नवजात पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं. फेकलेल्या पानाबरोबर ते गेलं तर जगातला एक दशांश गेला. या कामात धडाक्याचं काही नाही, ते बाळंतिणीच्या खोलीतलं काम आहे. त्या खोलीत पिल्लं झाली. त्यांतला एक जॉर्ज. तो कधी डोंगरावर राहिला नाही, पावसात भिजला नाही, ओहिआच्या झाडावरून वारा जाताना पान कसं हलतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

मग बाकीचे मरू लागले. का, ते नक्की उलगडलं नाही. आईबाप गेले, भावंडं गेली. एका पेटीत एकटा जॉर्ज राहिला.

इथून पुढे त्याचं चरित्र म्हणजे रात्रींची मोजणी. रात्र झाली की तो शंखातून बाहेर यायचा. आधी पाय, मग डोकं, मग एकेक शिंग उलगडत. पानावरून फिरायचा, थर खरवडायचा, पहाटे मिटून घ्यायचा. बाहेर लोक डोंगर पालथे घालत होते. त्याच्या जातीची एक तरी गोगलगाय मिळावी म्हणून दहा वर्षांहून अधिक काळ शोध चालला. मिळाली नाही. एकटेपणा म्हणजे काय हे गोगलगायीला कळतं की नाही, यावर मी काही लिहिणार नाही. एवढं मात्र पक्कं आहे की त्याच्या देहाला दुसऱ्याची तजवीज होती. दुसऱ्याची रेघ ओळखायची, तिच्यामागे जायचं, हे सारं त्याच्या अंगात होतं. पेटीच्या भिंतीवर रोज रात्री एकच रेघ उमटायची, त्याची स्वतःची.

त्याला पाहायला शाळेतली मुलं यायची, वर्षानुवर्षं, शेकड्यांनी. मला ती मुलं डोळ्यांपुढे येतात. पेटीला नाक लावून उभी राहिलेली, आणि जॉर्ज दिवसाचा म्हणून शंखात मिटून बसलेला. रांगेतल्या एखाद्याच्याच नशिबी त्याची हालचाल आली असेल. त्या मुलांना सांगितलं जायचं की असा जगात हा एकच आहे. लहान मुलाला ‘एकच’ या शब्दाचा अर्थ कळतो. खेळणं एकच असलं तर ते हरवू द्यायचं नसतं, एवढा तरी.

२०१७ साली त्याच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा काढला. त्याला इजा न होता, एवढासाच. त्यातल्या जिवंत पेशी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयाच्या गोठवलेल्या संग्रहात ठेवल्या आहेत. गोगलगायीची प्रतिकृती अशा पेशींतून घडवण्याची विद्या आज माणसाजवळ नाही. पुढे कधी येईल या आशेवर तो तुकडा तिथे आहे. पोटातल्या पायाचा तुकडा.

२०१९ सालच्या पहिल्या दिवशी जॉर्ज गेला. चौदा वर्षांचा होता. हवाई राज्याने काही दिवसांनी ते जाहीर केलं, आणि एका गोगलगायीच्या निधनाची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. ती वाचून मोठमोठ्या माणसांच्या निधनवार्तांत हे काय, असं कुणाला वाटलं असेल तर मला त्याचं नवल वाटत नाही. पण एखादा मोठा माणूस गेला तर माणसं उरतात. त्या दिवशी पिवळ्या शेंड्याचे सगळे काहुली गेले. लेईत ओवलेले, डिक्सनने लिहिलेले, गुलिकने खोरं नोंदवून जपलेले, सगळे.

त्याची चुलत भावंडं अजून आहेत. अकॅटिनेला मुस्टेलिना ही जात वायआनाए डोंगरात टिकून आहे. जिथे अशा गोगलगायी उरल्यात तिथे रानाच्या तुकड्यांभोवती कुंपणं घातली आहेत. साधी कुंपणं नव्हेत : उंदीर चढू नये म्हणून गुळगुळीत भिंत, युग्लँडिना अडावी म्हणून बाहेर वळवलेली कड, तांब्याची जाळी, वर विजेची बारीक तार. आत ओहिआची काही झाडं, आणि त्यांच्या पानांवर रात्री चरणारे नखाएवढे जीव. प्रयोगशाळेत वाढलेली पिल्लंही अशा कुंपणात सोडतात. डोंगरावरचा एक कोपरा एवढ्या निगुतीने राखायचा, आणि तोही गोगलगायीसाठी. २०२२च्या आधी मला हे वेडेपणाचं वाटलं असतं. मिठाच्या बादल्या भरणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? पण मला ते पटलं, त्या बादल्या भरतानाच.

आपल्या सह्याद्रीतही अशी मंडळी आहेत, एकेका घाटापुरती, एकेका पठारापुरती. आंबोलीच्या रानातल्या एका अर्ध्या कवचाच्या गोगलगायीला २०२१ साली पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं : वराडिया आंबोलिएन्सिस. तोवर तिच्या नावाने एक ओळही लिहिलेली नव्हती, आणि ती तिथे दर पावसाळ्यात होतीच.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा आत्याकडे गेलो. शंखी गोगलगायी होत्या, पण २०२२सारख्या नाहीत. पहाटे दोघं बांधाने निघालो, तिच्या हातात बादली, माझ्या हातात बॅटरी. गोणपाट उलटलं की आत्या भराभरा उचलत होती. एका ठिकाणी तिचा हात थांबला. मोठ्यांच्या गर्दीत एक बारीक, चपटी, बटणाएवढी गोगलगाय होती, पातळ कवचाची, बॅटरीच्या उजेडात आरपार दिसणारी. मी बादली पुढे केली.

“थांब, लेकरा,” आत्या म्हणाली. “ही आपली हाय, जुनी. माझ्या लहानपणापासनं हाय ही. ही न्हाई काय करत.”

“तुला कळतं?”

“न कळायला काय झालं?”

तिने ती दोन बोटांत अलगद धरली, बांधावरच्या बोरीपर्यंत चालत गेली आणि खोडाच्या ओल्या बाजूला टेकवली. गोगलगाय मिटलेलीच होती. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. मग एक शिंग बाहेर आलं, त्यामागून दुसरं.